खुर्चीत बसताना कुठला स्नायू? फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी मला एकही हाड दाखवलं नाही. समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. "बस." मी बसले. "आता ऊठ." उठले. "उठताना मांडीतला कुठला स्नायू कामात होता?" क्वाड्रिसेप्स, सर. चार भागांचा, गुडघा सरळ करणारा, फीमोरल नर्व्हवर चालणारा. धडाधड सांगून टाकलं. "बरं. आता सावकाश बस. बसताना कुठला?"

मनात म्हटलं, हे तर फारच सोपं. बसताना गुडघा वाकतो, गुडघा वाकवतात हॅमस्ट्रिंग्ज. तेच छातीठोकपणे सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "मांडीवर हात ठेवून बस आणि मग सांग."

हात ठेवला आणि चेहरा पडला. खाली जाताना मांडीची पुढची बाजू दगडासारखी कडक झाली होती. माझ्याच मांडीने मला भर परीक्षेत खोटं पाडलं.

गुडघा वाकवायला तिथे स्नायू लागतच नाही, ते काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. आपण धपकन आदळू नये म्हणून क्वाड्रिसेप्स विहिरीत बादली सोडताना दोर धरावा तसा हळूहळू सैल होत जातो, ताण मात्र सोडत नाही. मागचे हॅमस्ट्रिंग्ज थोडे कामात असतात, पण ते खुब्यापाशी धड पुढे कोसळू नये म्हणून. लांब होत होत जोर लावण्याच्या या प्रकाराला एक्सेंट्रिक म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या मी लाल पेनाने अधोरेखित केली होती. तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो परीक्षेनंतर सिंहगडावर गेल्यावर. आतकरवाडीतून वर चढताना फक्त दम लागला. पिठलं-भाकरी खाऊन खाली उतरलो तेव्हाही सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी मात्र खाली बसायची चोरी. चढताना आपण स्नायू आखडून शरीर उचलतो, उतरताना प्रत्येक पायरीला क्वाड्रिसेप्स ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि सवय नसेल तर त्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. घरोघरी त्याचं खापर लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडलं जातं, पण ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. आपल्याकडे याला 'अंग आंबलं' म्हणतात. पेशंट हेच बोलणार आहेत, तेव्हा डोम्सची, म्हणजे उशिरा येणाऱ्या याच दुखण्याची, व्याख्या शिकताना हा शब्दही वहीत लिहून ठेवा.

शब्दांवरून आठवलं. माझी रूममेट आयुर्वेदाला होती. पहिल्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण ती म्हणे शरीरात पाचशे पेशी आहेत. मी म्हटलं, अगं बाई, पेशी अब्जावधी असतात! शाळेत आपण पेशी म्हणजे सेल शिकतो. सुश्रुतसंहितेत मात्र पेशी म्हणजे मांसपेशी, आपण ज्याला स्नायू म्हणतो ते, आणि त्यांची संख्या 500 दिली आहे. तिथला 'स्नायु' हा शब्द वेगळाच, बांधून ठेवणाऱ्या चिवट दोरांसाठी, आणि ते 900. दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो. आजच्या मोजणीत हाडांना जोडलेले स्नायू सहाशेच्या वर जातात. नेमका आकडा विचारू नका, कुठला तुकडा स्वतंत्र धरायचा यावर तो बदलतो.

सहाशे ऐकून घाबरायचं कारण नाही. बहुतेक जोडीने असतात, म्हणजे डावा शिकलात की उजवा आलाच. तरीही ओरिजिन (स्नायू सुरू होतो ते टोक), इन्सर्शन (जिथे जाऊन चिकटतो ते), नर्व्ह सप्लाय, अ‍ॅक्शन असे चार रकाने आखून पाठ करायला बसलात तर दिवाळीपर्यंत वेड लागेल. मी ते करून पाहिलंय. सकाळी खांदा पाठ केला की संध्याकाळी हाताचा पंजा पुसला जायचा. एका सीनिअर ताईने हाडांचा जुना संच देताना सोबत पेटीकोटची नाडी दिली. मला वाटलं संच बांधायला. ती म्हणाली, "एक टोक ओरिजिनवर धर, दुसरं इन्सर्शनवर, आणि ओढ. हाड जिकडे जाईल ती अ‍ॅक्शन. पाठ कशाला करतेस?" चार रकान्यांतला शेवटचा रकाना त्या दिवशी कायमचा सुटला. स्नायू फक्त ओढतो, ढकलू शकत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना स्नायू का लागतात, तेही वेगळं शिकावं लागत नाही.

नावंसुद्धा वाटतात तेवढी दुष्ट नाहीत. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. सार्टोरियस खुब्यापासून मांडीवरून तिरका उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू. तो काय करतो? खुबा वाकवतो, मांडी बाहेर नेतो, बाहेर फिरवतो, गुडघा दुमडतो. चारही क्रिया एकदम केल्या तर? पंगतीला बसतो तशी मांडी घातली जाते. मसल हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटा उंदीर' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. त्यांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला दंडात बेडकी दिसली. मला आपली बेडकीच जास्त पटते.

त्या बेडकीचीही एक गंमत करून बघा. कोपर वाकवून टेबलावर टेकवा, दुसरा हात दंडावर ठेवा आणि कोपर आहे तिथेच ठेवून तळहात वर-खाली फिरवा. तळहात वर वळताना बायसेप्स टरारून उठतो. कोपर वाकवायचं बरंचसं ओझं त्याच्याखाली दडलेला ब्रेकियालिस वाहतो, फोटोत मात्र बायसेप्स येतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जोर का मिळतो, ते इथे कळतं.

फिजिऑलॉजीत सगळ्यांचं गाडं सार्कोमिअरपाशी, म्हणजे स्नायूच्या धाग्यातल्या आखडणाऱ्या सगळ्यात छोट्या तुकड्यापाशी, अडतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धवट गुंफा आणि आत सरकवा. बोटं आखूड झाली नाहीत, पण दोन मनगटांमधलं अंतर कमी झालं. अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे धागे असेच सरकतात. 1954 मध्ये दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी हे मांडलं आणि दोन्हींत एक हक्सले होता, नात्यात नसलेले दोघे. कॅल्शियम आलं की मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला पकडतं, एवढं सगळे लिहितात. पकड सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतो, हे निम्मी मुलं विसरतात. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठतो तो यामुळेच. एटीपी संपतो आणि धरलेलं सुटत नाही. हृदयाचा स्नायू आणि आतड्या-रक्तवाहिन्यांतले अनैच्छिक स्नायू परीक्षेला येतात, ते करा. पण आपला रोजचा धंदा हाडांना जोडलेल्यांशीच आहे.

माझा एक हट्टाचा सल्ला आहे. प्रत्येक स्नायूला विचारा, तू उद्या संपावर गेलास तर काय अडेल? कुल्ल्याच्या बाजूला असलेल्या ग्लुटिअस मीडियसची अ‍ॅक्शन पुस्तकात 'हिप अ‍ॅबडक्शन' अशी दिली आहे. मग वाटतं, पाय बाजूला न्यायची वेळ दिवसातून येते किती वेळा! प्रत्यक्षात चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. त्या क्षणी टेकलेल्या पायाचा ग्लुटिअस मीडियस कंबर धरून ठेवतो. तो कमजोर असेल तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते. ट्रेंडेलनबर्ग या जर्मन सर्जनने 1895 मध्ये हे लिहून ठेवलंय. आता काठीचा प्रश्न सोडवा. उजवा खुबा दुखतोय, काठी कुठल्या हातात? घरचे सगळे उजव्या हातात देतात. द्यायची डाव्या. डावीकडून काठीने आधार दिला की उजव्या ग्लुटिअस मीडियसला कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा दाबही उतरतो. हे समजावताना आजोबांशी वाद होणारच, त्याची तयारी ठेवा.

ताकदीचं मोजमाप 0 ते 5 असं करतात. 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल पूर्ण होते, 5 म्हणजे नेहमीसारखी ताकद. आम्ही एकमेकींवर सराव करायचो, त्यामुळे वर्षभर सगळ्याच 5. 1 म्हणजे हालचाल नाही, पण स्नायू किंचित फुरफुरतो. असलं कुणी प्रत्यक्ष पाहिलेलंच नसतं.

मी पाहिलं इंटर्नशिपमध्ये. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. तक्रार एकच, "डावी चप्पल पायातनं निसटतीय. चार दिस खुरपाय गेल्ते, तवापासनं." सोबतच्या सुनेला वाटत होतं अर्धांगवायू. मावशींचा पाय उचलला की पाऊल पुढून लोंबत होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, फिब्युला या पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या मानेवरून पेरोनियल नर्व्ह अगदी कातडीजवळून जाते. तासन् तास उकिडवं बसलं की ती दबते आणि पाऊल वर उचलणारे स्नायू गप्प होतात. हाताची पकड, चेहरा, बोलणं सगळं ठाकठीक. माझ्या मॅडमनी तपासून तेच निदान पक्कं केलं.

"मावशी, पाऊल वर घ्या." काही नाही. "परत." काही नाही. वहीत शून्य लिहायला पेन उचललं आणि स्टूल आठवलं. घोट्याच्या पुढे, आतल्या बाजूला जिथे पाऊल वर उचलणाऱ्या टिबिॲलिस अँटिरियरची दोरी लागते, तिथे दोन बोटं टेकवली. "आता घ्या." डोळ्यांना काही दिसलं नाही. बोटांखाली मात्र काहीतरी बारीक तटकन हललं, शिवणाचा दोरा ओढावा तेवढंच.

"काय गावलं का गं पोरी?"

"दोरी हलली, मावशी."

त्यांना पटेना. मग त्यांचंच बोट धरून तिथे ठेवलं आणि म्हटलं, आता पुन्हा घ्या.