किनारा परत मिळवायचाय? वाळू ओतण्याआधी या चुका टाळा

उधाण ओसरल्यावर सकाळी सगळे किनाऱ्यावर जमतात. काल जिथे पुळण होती तिथे कंबरेएवढा उभा कडा दिसतो. कड्यातून झाडांची मुळं लोंबत असतात, जुना पाइप उघडा पडलेला असतो, बसायचे बाक कलंडलेले असतात. तिथल्या तिथे दोन मागण्या पुढे येतात : भिंत बांधा, नाहीतर वाळू आणून टाका.

ही घाई समजण्यासारखी आहे. डोळ्यांदेखत गावाची जागा समुद्र नेत असेल तर शांत कोण बसेल? पण इथली वाळू गेली कुठे, आणि नवी का येत नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना सुरू केलेलं काम बहुतेकदा फसतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच निघतात.

एका वादळाचा फोटो पाहून निदान करणं

खवळलेल्या हंगामात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यासमोर पाण्याखाली तिचा आडवा बांध घालतात. समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. म्हणजे वादळानंतर दिसणारा ओरबाडलेला किनारा दरवेळी कायमचा गेलेला असतोच असं नाही. तो परत भरून येतो का, आणि दरवर्षी थोडा कमीच भरतो का, हे पाहायला मोजमाप लागतं. फोटोवरून ते कळत नाही.

मोजमापासाठी महागडी यंत्रं हवीत असंही नाही. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा आणि दोन मीटरची दोरी एवढ्यावर भागतं. के. ओ. एमरी या भूशास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. वाळूच्या टेकडीवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून ओहोटीच्या वेळी निघायचं. एकाने मागची काठी धरायची, दुसऱ्याने दोरीच्या अंतरावर समुद्राकडची. मागच्याने पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेशी जुळवायचं. ते जुळतं तेव्हा त्याची नजर स्वतःच्या काठीवर टोकापासून जितकी खाली असेल, तितका त्या टप्प्यातला उतार. आकडा लिहायचा, पुढे सरकायचं. पाण्याच्या कडेपर्यंत गेलात की किनाऱ्याचा आडवा छेद कागदावर उतरतो. त्याच खुणेपासून, तशाच ओहोटीला, हंगामाआधी आणि हंगामानंतर हे काम तीन-चार वर्षं करा. शाळेतली मुलंही ते नीट करतात, आणि सरकारी बैठकीत या वहीला भावनिक भाषणापेक्षा जास्त वजन असतं.

वाळूची वाट न शोधता उपाय ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात आणि सरळ मागे जातात. प्रत्येक लाटेसरशी वाळूचा कण करवतीच्या दातांसारख्या वाटेने थोडा पुढे सरकतो. वर्षभरात अशी लाखो घनमीटर वाळू किनाऱ्यालगत प्रवास करू शकते. आपली पुळण म्हणजे या प्रवासातला एक मुक्काम. जितकी वाळू येते तितकीच पुढे जाते, तोवर किनारा जागेवर दिसतो. येणारी वाळू कुणी अडवली, की समुद्र पुढे न्यायची वाळू इथूनच उचलतो.

चेन्नईचं उदाहरण शंभरहून अधिक वर्षांचं आहे. 1870 च्या दशकात तिथे बंदराचं काम सुरू झालं. त्या किनाऱ्यावर वाळूचा प्रवास एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. बंदराच्या भिंतींनी तो अडवला. दक्षिणेला वाळू साठून मरीना बीच रुंदावला आणि उत्तरेला रॉयपुरमचा किनारा खचत गेला. पुदुच्चेरीत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराच्या लाटारोधक भिंती उभ्या राहिल्या आणि उत्तरेकडच्या शहराची पुळण गेली. मागे राहिले ते दगड. कारण दर वेळी समुद्रातच असतं असंही नाही. नाईल नदीवर आस्वानचं उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झालं, गाळ धरणामागे अडकला आणि शेकडो किलोमीटर दूर, नाईलच्या मुखाशी समुद्रात पुढे आलेल्या रोझेटाच्या टोकाची धूप वाढली.

म्हणून नकाशा घेऊन बसा. जवळचं बंदर, खाडीचं मुख, नदीवरची धरणं, वाळूउपसा, नवे धक्के, सगळं त्यावर मांडा. जुनी हवाई छायाचित्रं मिळवा. एखाद्या बांधाच्या एका बाजूला वाळूचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला खोबण दिसली, तर चोर बराचसा सापडला. रोज होड्या ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा. कुठल्या वर्षापासून होडी लावायला जागा उरेना, हे त्यांना नेमकं आठवतं.

कारण बांध असेल तर उपायही तिथेच हवा : अडकलेली वाळू पलीकडे पोचवणं. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी 2001 पासून पंपांनी हेच चाललं आहे. दरवर्षी साधारण 5 लाख घनमीटर वाळू नदीमुखाच्या एका बाजूने उचलून गोल्ड कोस्टच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांकडे सोडली जाते.

भिंत बांधली म्हणजे किनारा वाचला, असं समजणं

धूपप्रतिबंधक बंधारा मागचा रस्ता वाचवू शकतो, घरं वाचवू शकतो. पुळण तो वाचवत नाही. खचणारा किनारा मागे सरकत असतो, आणि बंधारा त्याच्या पाठीला टेकलेला असतो. मागे जायला जागा न उरल्याने पुळण अरुंद होत होत भरतीच्या पाण्याखाली जाते. भिंत संपते तिथे शेजाऱ्याच्या जागेत धूप वाढते. दवाखाना किंवा एकमेव रस्ता धोक्यात असेल तर बंधारा जरूर बांधावा. फक्त त्याला किनारा पुनर्स्थापना म्हणू नये, कारण त्या नावाखाली लोकांकडून त्यांची पुळण काढून घेतली जाते.

किनाऱ्याला काटकोनात घातलेल्या दगडी बांधांची, म्हणजे ग्रॉयनची, गोष्टही तशीच. ते आपल्यापुरती वाळू धरतात आणि पुढच्या गावाची तोडतात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वेस्टहॅम्प्टनला 1960 च्या दशकात अशा 15 बांधांची रांग घातली गेली आणि काम मध्येच थांबलं. पलीकडच्या भागाची वाळू तुटत गेली. डिसेंबर 1992 च्या वादळात तिथली वाळूची पट्टीच फुटली, समुद्र आरपार शिरला, घरं गेली. ग्रॉयन बांधायचेच असतील तर त्यांच्यामधल्या जागा आधी वाळूने भरून द्या, म्हणजे ते वाटेवरची वाळू कमी खातील.

मिळेल ती वाळू आणणं

खाडीतला गाळ काढायचाच आहे, तोच किनाऱ्यावर टाकू, एका कामात दोन कामं! हा विचार मोहात पाडतो. कधी जमतोही. पण आधी मूळ पुळणीवरची मूठभर वाळू आणि आणायची मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा आणि भिंगातून पाहा. मग दोन्ही काचेच्या बरण्यांत पाण्यासोबत हलवा. चांगली वाळू काही क्षणांत तळाशी बसते आणि वर पाणी नितळ राहतं. पाणी बराच वेळ गढूळच राहिलं तर त्यात माती आहे. ती समुद्राचं पाणी गढूळ करील, आणि उरलेला थर सुकून असा घट्ट होईल की कासविणीला घरट्यासाठी खड्डा उकरता येणार नाही.

कणांचा आकार उताराशी बांधलेला असतो. मूळच्यापेक्षा बारीक वाळू आणली तर समुद्र तिला अधिक सपाट उतार देतो, म्हणजे तीच वाळू दूरवर पाण्याखाली पसरते आणि वर कोरडी पुळण थोडीच उरते. फार जाड आणली तर उतार उभा होतो, लाट अगदी काठावर आपटते आणि पोहणाऱ्यांना इजा होते. अंदाजावर न जाता किनाऱ्यावरच्या आणि पाण्याखालच्या अनेक ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत चाळून घ्या.

आणखी एक : वाळू समोरूनच, काठाजवळून उपसू नका. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या हॉलसँड्स गावासमोर 1897 पासून नौदलाच्या गोदीच्या बांधकामासाठी खडी-वाळू उपसली गेली. समुद्र ती भरून देईल असं गृहीत धरलं होतं. तो देईना, पुळण खाली गेली, 1902 मध्ये उपसा थांबवला, पण उशीर झाला होता. जानेवारी 1917 च्या वादळात गाव कोसळलं. जवळच्या खड्ड्यांचा दुसरा धोका असा, की तळ खोल झाल्याने लाटा वळतात आणि किनाऱ्यावर काही ठिकाणी एकवटून मारा करतात.

तुकड्यापुरती भरणी आणि पहिल्या वर्षीची घबराट

निधी कमी म्हणून दोनशे मीटरचा तुकडा भरणं सोयीचं वाटतं. पण भरलेला भाग किनाऱ्यातून पुढे आलेला उंचवटा असतो आणि लाटा त्याला दोन्ही टोकांकडून घासून सपाट करतात. लांबी दुप्पट केली तर भरणी साधारण चौपट काळ टिकते. म्हणून शेजारच्या दोन-तीन गावांनी एकत्र येऊन एकच लांब काम करणं कितीतरी शहाणपणाचं.

नवी भरणी पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने अरुंद होते. ही सगळी वाळू वाया गेलेली नसते. यंत्रांनी ती वरच्या भागात रचलेली असते, आणि लाटा तिचा काही भाग पाण्याखालच्या उतारावर नेऊन बसवतात. तिथे ती लाटांचा जोर कमी करते. काम सुरू होण्याआधीच हे लोकांना चित्र काढून सांगा, नाहीतर ‘पैसे पाण्यात गेले’ ही बातमी पहिल्याच वर्षी पसरते. नेमकं कळायला पाण्याखालचाही छेद मोजा. काठावर उभा कडा तयार झाला असेल तर तो यंत्राने सपाट करून घ्या, तेही कासवांची अंडी नसलेल्या काळात.

वाळूच्या टेकड्या विसरणं

पुळणीमागच्या टेकड्या म्हणजे वादळासाठी साठवलेली वाळू. त्या सपाट करून वाहनतळ केला की ती गंगाजळी संपली. वाहून आलेलं शेवाळ आणि काटक्या रोज यंत्राने खरवडू नका, त्यांच्याभोवतीच उडती वाळू अडून टेकडी सुरू होते. प्लास्टिक हाताने वेचा. उष्ण प्रदेशात मर्यादवेलीसारख्या सरपटणाऱ्या देशी वेली आणि गवतं लावा. समुद्राकडच्या पहिल्या टेकडीवर सुरूच्या झाडांची दाट रांग नको. तिच्या सावलीत आणि सुयांच्या थराखाली या वेली वाढत नाहीत, आणि धूप पोचली की झाडं मुळांसकट आडवी होतात. माणसांसाठी लाकडी पायवाट करा, पण थोडी वळवून, म्हणजे वारा आणि पाणी त्या फटीतून सरळ आत घुसणार नाही.

एकदाच उद्घाटन करून मोकळं होणं

वाळू भरणं हे घराला रंग देण्यासारखं आहे, पुन्हा करावं लागतं. नेदरलँड्सने 1990 मध्ये ठरवलं की किनारारेषा जिथे आहे तिथेच राखायची. 2001 पासून त्यांनी त्यासाठी वर्षाला साधारण 1.2 कोटी घनमीटर वाळूचं प्रमाण ठेवलं. 2011 मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणी सुमारे 2.15 कोटी घनमीटर वाळू टाकून ती लाटा-वाऱ्यांनीच पसरावी असा प्रयोगही केला. पहिल्या कामाच्या अंदाजपत्रकातच मोजमापाचा आणि पुढच्या भरणीचा खर्च धरला नसेल, तर ते अंदाजपत्रक परत पाठवा.

आणि सगळे हिशेब मांडूनही वाळू टिकत नसेल तर मागे सरकण्याचा पर्याय टेबलावर ठेवा. कॅलिफोर्नियात व्हेंचुराच्या सर्फर्स पॉइंटला तुटत चाललेला सायकलमार्ग आणि वाहनतळ आत हलवला, मोकळ्या जागेत गोट्यांचा थर घालून वर वाळूच्या टेकड्या उभ्या केल्या. जिथे डांबर होतं तिथे आता पुळण आहे, आणि लोक तिथूनच पाण्यात उतरतात.