उचललं की बाळ गप्प का होतं, आणि ठेवलं की का उठतं

आधी भूक, लंगोट आणि अंग गरम आहे का ते बघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर थोपटत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

तसं काही नसेल तर बाळाचं पोट आपल्या छातीला टेकवा. एक हात बुडाखाली, दुसरा मान आणि डोक्यामागे. मग पाच मिनिटं एका चालीने चाला. मध्ये थबकू नका, झटक्याने वळू नका. नुसतं मांडीवर घेऊन बसल्याने सहसा भागत नाही. असं चालताना बाळ शांत होतं, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मानगुटीला धरून उचललेलं उंदराचं पिल्लूही असंच निश्चल होतं, त्याचेही ठोके मंदावतात. पिल्लू वळवळलं नाही तर आईला ते घेऊन पळणं सोपं जातं.

झोप लागली की घाई नडते. आता बसा आणि आणखी 5 ते 8 मिनिटं त्याला मांडीवरच राहू द्या. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने 21 बाळांचे ठोके मोजून 2022 मध्ये हा हिशेब मांडला. पाठ गादीला टेकली की बाळ उठतं, असं आपण धरून चालतो. ठोके मात्र त्याआधीच, आईच्या अंगापासून सुटताना वाढले होते. म्हणून छाती बाळाला लागलेली ठेवूनच खाली वाका. बाळाला उताणंच निजवा. त्याला घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नका, गुदमरण्याचा धोका असतो.

"हाताची सवय लागेल" ही भीती घराघरांत असते. 1986 मध्ये माँट्रियलच्या प्रयोगात रोज जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात 43 टक्के कमी रडली. आधीच पोटशूळाने रडणाऱ्या बाळांत मात्र नंतरच्या प्रयोगात तसा फरक दिसला नाही.

एवढं उचलणार कोण? जन्मतः माणसाच्या बाळाचा मेंदू प्रौढाच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. म्हणून ते बराच काळ दुसऱ्यांवर अवलंबून राहतं आणि एकट्या आईला ते झेपत नाही. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांच्या मते आजी, मावशी, बाप अशा अनेकांच्या हाती वाढताना मुलाला दुसऱ्याचं मन ओळखावं लागलं आणि परस्परांची कदर तिथून रुजली. फिलिपिन्समधल्या सेबूत रोज तीन तास किंवा जास्त मूल सांभाळणाऱ्या बापांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी आढळलं. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिनच पुढे जोडीदाराच्या आणि मित्रांच्या ओढीतही काम करतं. मात्र त्याला सरसकट 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणणं भाबडेपणाचं आहे. पिल्लाला जपणारी आईच परक्यावर धावून जाते, त्यातही ऑक्सिटोसिनचा हात असतो.

रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. तोवर रात्रीच्या पाळ्या आधीच ठरवा. डोकं तापलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दहा मिनिटं बाहेर जा. तेवढं रडल्याने त्याला काही होत नाही. गदागदा हलवलंत तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.