पुण्याला विद्यापीठात शिकायला येताय? बॅग भरायच्या आधी एवढं करून घ्या

दरवर्षी जून-जुलै आला की गावाकडून फोन सुरू होतात, ताई ॲडमिशन झालंय, काय काय घेऊन येऊ. यंदा माझ्या मावशीच्या मुलाचा नंबर लागलाय, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, एमएला. त्याला मी आधी बादली, चादर, एक्स्टेन्शन बोर्ड असलं सांगायला लागले आणि मग थांबवलं, म्हटलं हे सगळं पुण्यात कुठेही मिळतं रे, तू आधी तहसीलला जा. कारण पुण्यात येऊन जे कशानंच मिळत नाही ते तुमच्याच तालुक्याच्या सेतूमध्ये, म्हणजे दाखले देणाऱ्या केंद्रात मिळतं, आणि ते राहिलं की इथून सुट्टी काढून परत बारा तासांचा प्रवास.

तर पहिलं काम कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला नवा काढा, तहसीलदारांचा, आणि त्यावरची मुदत वाचा. डोमिसाइल, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमी लेयर आणि जातीची व्हॅलिडिटी, बारावी आणि पदवीची सगळी मार्कशीटं, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. हे सगळं एका टेबलावर मांडा आणि फक्त नाव वाचत जा. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव सोपान, आधारवर सोपानराव, दाखल्यावर आणखी तिसरंच, असं असेल तर ते आत्ता, गावात असताना दुरुस्त करा. ॲडमिशन-शिष्यवृत्तीच्या पोर्टलला माणसासारखं कळत नाही की हा एकच माणूस आहे.

प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स, स्कॅन करून मोबाइलमध्ये, आणि एक सेट घरी भावाकडे किंवा बहिणीकडे. आणि ओरिजिनल कागद कुठल्याही ऑफिसात ठेवून येऊ नका, दाखवायचे, तपासून झाले की परत घ्यायचे. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, स्पष्ट नियम आहे की संस्थेनं ओरिजिनल अडकवून ठेवायची नाहीत.

आता बँक, आणि इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती तुम्ही फॉर्ममध्ये कुठला खाते नंबर टाकला त्यावर येत नाही, आधारला जे खातं शेवटी जोडलेलं आहे तिथे जाते. माझी रूममेट वर्षभर म्हणत होती की पैसे आलेच नाहीत, दर आठवड्याला ऑफिसला चकरा, क्लार्क म्हणायचे आमच्याकडून क्लिअर आहे, ही रडकुंडीला आलेली, मेसवाल्या काकूंचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघितलं तर आठवीत असताना गावात उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं निघालं, पासबुक आजीच्या पेटीत, आणि सगळे पैसे तिथे येऊन पडलेले. म्हणून निघायच्या आधी आधारच्या साइटवर लॉगिन करा, कुठलं खातं जोडलंय ते बघा, ते चालू आहे का बघा. आणि आधारला मोबाइल नंबर स्वतःचा लावा, वडिलांचा नको. ते शेतात असतात, रेंज नसते, आणि इकडे तुमचा ओटीपी दहा मिनिटांत संपतो.

शिष्यवृत्तीचं सांगते. फॉर्म सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात भरा, शेवटच्या तारखेला साइट चालत नाही हे सगळ्यांना माहितीये. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटीला भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फी माफी, ओपनमध्ये उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, आणि हॉस्टेल खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, पण तो सगळ्याच कोर्सला नाही, आपला कोर्स त्यात बसतो का ते बघून घ्या. एससी आणि नवबौद्ध मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयं योजना. आणि मुलींनो, जुलै २०२४ च्या जीआरनं व्यावसायिक कोर्सला ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, त्यामुळे कुणी पूर्ण फी मागितली तर आधी हा जीआर दाखवा. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं असं नाही, प्रिंट काढून विभागात द्यायची आणि महिन्यानं विचारायचं की विभागाच्या लॉगिनवरून अर्ज पुढे गेला का. तिथे पडून राहिलेले अर्ज मी डोळ्यांनी बघितलेत.

राहायचं. हॉस्टेलचा फॉर्म ॲडमिशनपेक्षा वेगळा असतो, तो भरायचा राहून जातो, आणि मेरिटनं लागत असल्यामुळे पहिले काही आठवडे तुमच्याकडे खोली नसणार हे धरूनच चाला. ओळखीच्या कुणाकडे आठ-पंधरा दिवसांची सोय आधीच बोलून ठेवा, किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, बघा, पण डिपॉझिट देताना पावती नाहीतर निदान यूपीआयनं द्या, रोख देऊ नका. हॉस्टेलमध्ये पॅरासाइट म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत बिनपरवाना, राहायचा सल्ला खूप जण देतील, चेकिंगमध्ये सापडलात तर ज्याच्या खोलीत राहता त्याची खोली जाते, म्हणून मी तरी सांगणार नाही. परभणी, जालन्याकडची एसटी शिवाजीनगर म्हणते पण स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला नेलंय, तिथून विद्यापीठ लांब नाहीये, दिवसा पोचेल अशी गाडी धरा.

आता कॅम्पसवर आल्यावरचे पहिले पंधरा दिवस. ४११ एकरांचा परिसर आहे, पहिल्या दिवशी सगळं जंगलच वाटतं, घाबरू नका, दोन दिवसांत पाय आपोआप वळतात. इंडक्शन, म्हणजे सुरुवातीची ओळखसत्रं, नुसती भाषणं असतात असं समजून रूम शोधायला जाऊ नका, यूजीसीनं २०१९ मध्ये दीक्षारंभ नावानं हे सगळीकडे सुरू करायला सांगितलं ते नवीन मुलांसाठीच. तिथे जाऊन वहीत तीन गोष्टी लिहा, विभागाच्या ऑफिसात शिष्यवृत्ती कोण बघतं, एलिजिबिलिटीचा, म्हणजे पात्रता तपासणीचा, फॉर्म कधी भरायचा, आणि मिळवलेले क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात तो एबीसी आयडी कुठे नोंदवायचा. आयडी डिजिलॉकरवर घरूनच काढून ठेवता येतो.

त्याच आठवड्यात एकदा मुद्दाम सगळीकडे पायी फिरा, गरज नसताना. जयकर ग्रंथालयाचं कार्ड काढा. आरोग्य केंद्र कुठे आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं ते बघून या. तापानं फणफणलेल्या माणसाला पत्ता विचारत फिरायला लागू नये. विद्यार्थी विकास मंडळात जाऊन कमवा व शिकाची चौकशी करा, रोज दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे मानधन, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारावर चाललेली योजना आहे आणि मेसचा बराच भार उचलते. त्यात लाजायचं काही नाही, मी केलीय, ग्रंथालयातल्या ट्रॉल्या ढकलत ढकलत माझी अर्धी पुस्तकं मला तिथेच सापडली. अपंग विद्यार्थ्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, घेऊन सुरुवातीलाच अर्ज द्या, लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ हा तुमचा हक्क आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी मागत बसू नका.

रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, तुमचं आणि पालकांचंही, तेव्हा वडिलांना शेजारी बसवून घरूनच भरा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. कुणी अंगचटीला आलं, घाणेरडे मेसेज पाठवले तर अंतर्गत तक्रार समिती असते, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं, आणि मुलगेसुद्धा तिथे जाऊ शकतात, हे मुलांना कोणी सांगतच नाही. फी, निकाल, ॲडमिशन असलं काही अडलं तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्याच्यावर लोकपाल, यूजीसीचे २०२३ चे नियम आहेत. तोंडी भांडू नका, अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर, तारखेसकट शिक्का घ्या.

राहिलं मनाचं. लेक्चर इंग्लिशमध्ये असतं, पहिल्या महिन्यात निम्मं डोक्यावरून जातं, बाजूचा शहरातला मुलगा फाडफाड उत्तरं देतो आणि आपल्याला वाटतं आपण इथे कशाला आलो. मला वाटलं होतं. तेव्हा सरांना किंवा मॅडमना लेक्चरनंतर मराठीत विचारलं तरी चालतं, बहुतेक जण थांबून समजावतात. झोप लागत नाहीये, जेवण जात नाहीये, रूमवरून उठावंसं वाटत नाहीये असं आठवडाभर चाललं तर विभागात कुणाशी तरी बोला, समुपदेशक कुठे भेटतील विचारा, आणि रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा.

आणि पहिला सण जड जातो. गणपतीत पुणं गजबजलेलं असतं, ढोल वाजत असतात, आणि गावाकडे महालक्ष्म्या बसलेल्या असतात, आई फोनवर म्हणते पुरणपोळी केली होती रे, तेव्हा गलबलून येतं. म्हणून मावशीला सांगितलंय, एसटीचं रिझर्व्हेशन सुरू झालं की त्याच दिवशी महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्रीची वाकडेवाडीहून एक सीट काढून ठेव, खिडकीची.