कॉफीने जळजळ होते? आधी वेळ बदला, मग पावडर

कॉफी प्यायली की छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं आणि दोष कॉफीच्या आंबटपणावर जातो. पण काळ्या कॉफीचा पीएच (आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आम्लधर्मी) साधारण 5 असतो, संत्र्याच्या रसाचा 3.5 च्या आसपास. म्हणजे मोसमात आपण नागपूरकर ग्लास भरभरून पितो तो रस कॉफीपेक्षा कितीतरी आम्लधर्मी. जठरातलं आम्ल तर त्याहूनही तीव्र. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: कॉफीतलं कॅफीन आणि इतर काही घटक जठराला जास्त आम्ल सोडायला लावतात, आणि काहींच्या बाबतीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करतात. म्हणून महागडी ‘लो अ‍ॅसिड’ पावडर आणण्याआधी पिण्याची वेळ बदलून पाहा.

पहिला आठवडा फक्त एवढंच करा: उपाशीपोटी कॉफी बंद. आधी पोळी, उपमा, केळं असं काही खा आणि अर्ध्या तासाने कॉफी घ्या. तर्री-पोह्यांवर लगेच कॉफी मात्र नको. तर्रीतलं तेल पोट रिकामं व्हायला वेळ लावतं, तिखट जळजळ वाढवतं; मग त्रास तर्रीचा की कॉफीचा हेच कळत नाही. संध्याकाळचा कप झोपण्याच्या सहा तास आधी संपवा आणि पिऊन आडवं होऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात मात्रा मोजा. इन्स्टंट कॉफीचा सपाट चमचा सुमारे 2 ग्रॅम, त्यात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदरपणात 200. पण जळजळीचा त्रास असणाऱ्याला यापेक्षा खूप कमी मात्राही बाधू शकते, म्हणून दोन कपांवर थांबून पाहा. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळाच्या पुडीत कॅफीन नसतं, त्यामुळे 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरी अशा तेवढ्याच वजनाच्या मिश्रणात कॅफीन आपोआप कमी होतं. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, म्हणून पाकिटावरचं नाव वाचा.

एवढं करूनही फरक नसेल तरच बनवण्याची पद्धत बदला. गडद भाजलेल्या पावडरीत कॉफीच्या बियांतली क्लोरोजेनिक आम्लं कमी असतात, काहींना तीच सोसते. कोल्ड ब्रूसाठी, म्हणजे थंड पाण्यात भिजवून केलेल्या कॉफीसाठी, 60 ग्रॅम जाडसर दळलेली पावडर 600 मिली पाण्यात भिजवून 14 ते 16 तास फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे भांडं ओट्यावर ठेवणं धोक्याचं. 45 अंशांच्या उन्हाळ्यात ते खराब व्हायला वेळ लागत नाही. मग गाळून 100 मिली अर्कात तेवढंच पाणी किंवा दूध घाला. चव सौम्य लागते, पण कॅफीन कमी झालेलं नसतं, हे विसरून लोक दोन-दोन ग्लास पितात.

गरम कॉफी आंबट लागली तर बहुधा पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा पावडर फार जाड होती: आंबट घटक आधी उतरतात, गोड आणि कडू नंतर. उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता. थर्मासमध्ये तासन्‌तास ठेवलेली कॉफी मात्र तिथेच कडवट-आंबट होते. ती पुन्हा तापवू नका.

थायरॉईडची गोळी सकाळी घेत असाल तर कॉफी किमान अर्ध्या ते एका तासाने. रक्त कमी असेल तर जेवण आणि कॉफीत तासाभराचं अंतर ठेवा, कारण कॉफीमुळे भाजी-डाळीतलं लोह कमी शोषलं जातं. गिळताना अडकणं, काळी शौच, वजन उतरणं किंवा छातीतून हाताकडे जाणारी कळ, यात कॉफीचे प्रयोग करत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आणि कळ असेल तर ताबडतोब.

दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पीएच 5.5 च्या खाली विरघळू लागतं. कॉफीनंतर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.