जुन्या रेल्वे आवारातली माती तपासायला घेताना

शेतातली माती तपासणीला कशी घ्यायची हे आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतं. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, माती गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बंद पडलेल्या रेल्वे आवारात ही पद्धत मी कुणालाच वापरू देत नाही. खताचा डोस ठरवायला सरासरी लागते. इथे आपण प्रदूषणाचे डाग शोधत असतो, आणि दहा जागांची माती कालवली की डाग विरून जातो.

माझ्या डोळ्यासमोर आहे ती बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू झाली आणि पुढे मिरज ते लातूर अशी लांबली. वाफेची इंजिनं, मग डिझेल. रुंदीकरणात काही ठिकाणी मार्गच बदलला, लातूरची गाडी धाराशिववरून जाऊ लागली. अशा मार्गांवरच्या मोकळ्या झालेल्या जागेत बाग, मैदान किंवा घरं करायची असतील, तर माती आधी तपासा. जागा रेल्वेच्या नावावर असेल तर लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका.

कुदळ उचलण्याआधी जुनी माणसं गाठा. निवृत्त फायरमन, खलाशी, गँगमन. "काका, इंजिनाची राख कुठं पाडायचे?" हा माझा पहिला प्रश्न असतो. मग डिझेल कुठे भरायचे, बॅटऱ्या कुठे ठेवायचे, काढलेले लाकडी स्लीपर कुठे रचायचे, मालधक्क्यावर खतं-औषधांची पोती कुठे उतरायची. राखेच्या खड्ड्यापाशी शिसं, आर्सेनिक आणि पीएएच गटातली, म्हणजे कोळसा-तेल अर्धवट जळून होणारी घातक रसायनं शोधायची. स्लीपरच्या ढिगाखाली क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबराचं तेल, त्यातही पीएएच. बॅटरीच्या खोलीमागे शिसं, मालधक्क्यावर कीटकनाशकं. हे सगळं हाताने काढलेल्या नकाशावर मांडा. प्रत्येक जागेचा नमुना वेगळा, बरणी वेगळी. उरलेल्या मोकळ्या जागेवर चौकटी आखून काही बिंदू घ्या, कारण माणसांच्या आठवणीतूनही जागा निसटतात.

खोलीचं गणित जमिनीवर ठरतं. खडी बाजूला करा, खडीखालची पहिली माती हा तुमचा वरचा थर. तो १५ सेंटिमीटरपर्यंत, मग ३० ते ६०, आणि तेलाच्या जागी मुरूम लागेपर्यंत. रंग बदलला की थर बदलला असं समजा. काळी राख, भरावाचा मुरूम आणि मूळची काळी माती एका बरणीत कधीच नको. काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि भेगांतून तेल सरळ खाली उतरतं. म्हणून वरचा थर स्वच्छ दिसला तरी इंधनाच्या जागी खाली जायचंच.

हत्यारं स्टेनलेस स्टीलची. गॅल्व्हनाइज्ड किंवा रंगवलेली खुरपी नको, तिचं जस्त नाहीतर रंग नमुन्यात उतरतो. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. स्वच्छ वाटणाऱ्या जागेपासून सुरुवात करा आणि तेलकट जागा शेवटी घ्या. मधे ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, साबणाने, साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. त्या शेवटच्या धुण्याचं थोडं पाणीही बाटलीत भरून प्रयोगशाळेला द्या, धुणं नीट झालं का ते त्यातून कळतं. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागेच्या मातीची दुसरी बरणी.

तेल आणि पीएएचसाठी तपकिरी काचेची, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची बरणी. शेतमातीसारखं वाळवत, चाळत बसू नका, उडून जाणारे घटक तिथेच जातात. बरणी लगेच बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास. चिठ्ठी बरणीच्या अंगावर, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. वास घ्यायला नाक बरणीत घालू नका. जुन्या बॉयलरच्या आवरणाचे करडे-पांढरे तंतू दिसले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतात. तिथे खणणं थांबवा, जागा पाण्याने ओली करा आणि जाणकाराला बोलवा.

एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते, ती म्हणजे तुलनेचे नमुने. आपली माती बेसॉल्टची. तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. अहवालातले आकडे परदेशी मर्यादांशी लावले तर कधी गाडी न पाहिलेल्या बांधावरची मातीही दूषित ठरू शकते. म्हणून रुळांपासून, रस्त्यापासून दूरचे, तशाच काळ्या मातीचे निदान तीन नमुने घ्या आणि तेही त्याच प्रयोगशाळेत द्या. ही मेहनत टाळणाऱ्यांचे अहवाल मी गंभीरपणे घेत नाही.

प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेची बघा. मान्यता माती या नमुन्यासाठी आणि तुमच्या चाचण्यांसाठी आहे का ते विचारा. शेतीच्या प्रयोगशाळेतला नत्र-स्फुरद-पालाशचा कागद इथे उपयोगाचा नाही. नमुने कुणी, कधी, कुणाच्या हाती दिले याचा सह्यांचा कागद बरण्यांबरोबर जाऊ द्या.

आकडे वर आले तर त्या बिंदूभोवती चारी बाजूंनी पुन्हा नमुने घेऊन डागाची कड शोधा आणि मुलं तिथे खेळत असतील तर आधी कुंपण घाला. दूषित जागांसाठी केंद्राचे नियम २०२५ मध्ये आले आहेत. नकाशा आणि अहवाल घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात जा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.