गुडमारचा पाला ढिगात टाकू नका

परतीच्या पावसाचे ढग दिसले की गुडमारची, म्हणजे मधुनाशिनी या औषधी वेलीची, तोडणी घाईत उरकतात आणि सगळ्या वेलींचा पाला एकाच ढिगात पडतो. गेल्या ऑक्टोबरात एका पडवीत मी पोत्यात हात घातला तर आत ऊब लागली, आंबूस वास आला. पानं काळी पडून एकमेकांना चिकटली होती. व्यापाऱ्यानं वास घेऊन पोतं परत बांधलं.

बुरशीचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. ढिगाचा दुसरा तोटा दिसत नाही. साखर उतरवणारी जिम्नेमिक आम्लं प्रत्येक वेलीत सारखी नसतात, बियांपासून आलेल्या वेलींत तर फरक जास्तच. ढिगात चांगली वेल हरवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताला लागेल त्या वेलीची फांदी लावली जाते आणि पुढची कित्येक वर्षं हलकाच पाला तोडावा लागतो.

म्हणून तोडणीआधी दाट पानांच्या, निरोगी आठ-दहा वेलींना रंगीत चिंध्या बांधा. एका वेळी एकाच वेलीचं पान चावा, मग जिभेवर साखर ठेवा. ती वाळूसारखी लागते. गोडी परतायला जितका वेळ, तितकी वेल जोरकस, असा माझा अंदाज. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे करू नये. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा: त्या वेलींचा पाला वेगवेगळा वाळवून, चिठ्ठी लावून एचपीटीएलसी तपासणीला, म्हणजे पाल्यात आम्लं किती ते मोजणाऱ्या चाचणीला, द्या.

अर्क काढायचं यंत्र गळ्यात मारणारे भेटतील. कारखान्यात पाल्याची भुकटी अल्कोहोल-पाण्यात भिजवतात, गाळून आटवतात, मग आम्ल घालून साका खाली बसवतात. ते घरच्या शेडचं काम नाही. पाल्यातच आम्लं कमी असतील तर यंत्र ती कुठून आणणार? मुळं फुटण्याची महागडी टॉनिकंही नकोत, निवडलेल्या वेलीची तीन-चार डोळ्यांची फांदी घ्या.

बाकी कामं:
- आळ्यातलं तण, साचलेलं पाणी काढणे
- मांडवाच्या तारा ताणणे
- मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क. तोडणी तोंडावर असेल तर फवारणी नाही

पाऊस आलाच तर ओला पाला ताडपत्रीखाली झाकून ठेवू नका. ओटा, माळा, बाज, जिथे सावली आहे तिथे पातळ पसरा, पंखा लावा, दिवसातून दोनदा हलवा. पान मुठीत कुरकुरलं की मगच पोत्यात भरा.