दुपारी नेट गायब व्हायचं, ते असं सुटलं

भोसरीत आमच्या कंपनीत दुपारची शिफ्ट आली की बिलिंगच्या पीसीला नेट मिळेना, सगळे लाइनवाल्याला फोन लावायचे पण लाइन ठणठणीत. पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे डीएचसीपीकडून (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ताच येत नव्हता. एकाच /२४ रेंजमध्ये (पत्त्यांच्या एका गटात) जेमतेम २५४ पत्ते, त्यात कॅमेरे, प्रिंटर, दोन्ही शिफ्टचे मोबाईल, वर लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत, ८ दिवसांची, मग माणूस घरी गेला तरी पत्ता अडकलेलाच! ऑफिस, कॅमेरे, मोबाईलचं वायफाय असे वेगळे व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगळी केलेली नेटवर्कं) केले, स्विचच्या (यंत्रं जोडणाऱ्या पेटीच्या) मॅनेजमेंटला स्वतंत्र, आणि वायफायची लीज २ तासांवर आणली. पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) ८० टक्के वापरला गेला की आता मेल येतो. आणि रॅकच्या (स्विच ठेवायच्या कपाटाच्या) दारावर कुठल्या पोर्टला काय जोडलंय त्याची यादी चिकटवाच, फार कामाला येते.